पडद्याच्या रंगाचे बारा झगे

रंगाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. चौतीस वर्षं मी रंगाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहून रंग कालवले आहेत. लोक नमुन्याला काय वाटेल ते घेऊन यायचे. कोणी उशीचा अभ्रा, कोणी फुटक्या कपाचा तुकडा. एक गृहस्थ तर बायकोलाच घेऊन आले. म्हणाले, "हिच्या स्वेटरसारखी भिंत हवी." मी स्वेटरकडे एकदा बघितलं, डब्यात तीन थेंब काळा आणि अर्धा चमचा पिवळा टाकला. नंतर कळलं, त्या बाई भिंतीला टेकून बसल्या की नवऱ्याला सापडत नाहीत. अशी माझी ख्याती.

म्हणून नृत्याच्या बाई एक दिवस घरी आल्या आणि, "झगे रंगवायला कोणाकडे द्यावेत, काका?" असं मलाच विचारू लागल्या, तेव्हा मला थोडा रागच आला.

झगे कुठले ते सांगतो. आमची ही बावीस वर्षं बाईंच्या क्लासचे कपडे शिवायची. दवाखान्यात जायच्या आधी तिने समुद्राच्या नाचासाठी बारा घेरदार झगे शिवून ठेवले होते. पांढरे. "रंगाचं नंतर बघू," म्हणाली होती. ते नंतर राहून गेलं. ती गेली त्याला आता सव्वा वर्ष झालं. झगे कपाटावर जुन्या चादरीत गुंडाळून तसेच होते.

"या वेळचं भागेल," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षीपासून मात्र सगळं बाजारातल्या दुकानात द्यावं म्हणते. तुम्हाला कशाला त्रास? मुली मापं द्यायला येणार, घरभर पसारा करणार."

आता खरं सांगायचं तर मला तो पसाराच हवा होता. ही असताना कार्यक्रमाआधीचे पंधरा दिवस आमच्या दाराची बेल थांबायची नाही. मुली यायच्या, बुजगावण्यासारखे हात पसरून उभ्या राहायच्या, खिदळायच्या, माझ्या चष्म्यावर बसायच्या. मी कुरकुर करायचो. आता बेल वाजवतो तो फक्त दूधवाला, आणि तोही पिशवी ठेवून पळतो. काम दुकानात गेलं की मुली माझ्या घरी कशाला येतील?

"हे बारा झगे मी रंगवतो," मी म्हटलं. "शिवणाचं मशीन माझी मुलगी चालवते. हे जमलं तर पुढचं कामही याच घरात राहू द्या."

"जमेल तुम्हाला?"

"बाई, पाय कसा टाकायचा ते तुम्ही कोणाला विचारता का?"

बाई हसल्या. "बरं. जमलं तर काम तुमच्याकडे. नाही जमलं तर मात्र राग मानू नका."

मुलीला हे आवडलं नाही. ती म्हणाली, "बाबा, भिंत वेगळी आणि कापड वेगळं."

"रंग तो रंग," मी म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी मी नाट्यगृह बघून आलो. माझी कामाची पद्धतच अशी आहे. नवा रंग द्यायचा तर खोलीत आधीपासून काय आहे ते बघायचं आणि त्याच्याशी जुळवून घ्यायचं. तिथला जुना करडा पडदा उंदरांनी खाल्ला होता, म्हणून मागच्या बाजूला नवाकोरा गर्द निळा पडदा लावला होता. मला आनंदच झाला. समुद्राचा नाच, निळा पडदा, आणखी काय पाहिजे? पहारेकरी पाणी प्यायला गेला तेवढ्यात मी पडद्याच्या खालच्या दुमडीतून नखाएवढा तुकडा कापून खिशात टाकला.

मग घरच्या गॅलरीत मोठं पातेलं चढलं. पाणी, मीठ, रंगाची पूड, आणि ढवळायला झाडूचा दांडा. ओलं कापड गडद दिसतं, म्हणून प्रत्येक नमुना इस्त्रीखाली वाळवायचा आणि मग तुकड्याशेजारी धरून बघायचा. पहिला जांभळट आला. दुसरा शाळेच्या गणवेशासारखा. सातवा जवळ आला, पण संध्याकाळच्या उजेडात किंचित हिरवट झाक मारत होता. मुलगी म्हणाली, "बाबा, झालं की." मी म्हटलं, "जवळ येणं वेगळं आणि जुळणं वेगळं." आठवा नमुना वाळवला, त्यावर पडद्याचा तुकडा ठेवला आणि मुलीला हाक मारली.

"शोध."

तिने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. सापडेना. मग मी शोधायला गेलो तर मलाही सापडेना. शेवटी डोळे मिटून बोटांनी चाचपत काढला. चौतीस वर्षांत एवढं जुळलेलं काम माझ्या हातून झालं नव्हतं. कोपरापर्यंत निळा झालेला मी त्या दिवशी फार समाधानाने जेवलो.

क्लासमध्ये मुलींनी झगे घालून बघितले. मागे पांढरी भिंत, खिडकीतून ऊन. सगळ्यांत उंच मुलगी, जिला सगळे लंबू म्हणतात, तिने गिरकी घेतली आणि खरोखरच लाट उठल्यासारखं झालं. बाईंचे डोळे भरून आले.

"ताई असत्या तर..."

"असती तर काहीतरी खोड काढली असती," मी म्हटलं.

ती काढायचीच. रंगात आमचं कधी पटलं नाही. ज्या नाट्यगृहात निळा पडदा, तिथे ती नारिंगी कपडे आणायची, हिरवा असेल तिथे लालभडक. मी म्हणायचो, "अगं, डोळ्यांत जातंय." ती सुई दातात धरून म्हणायची, "जायलाच हवं." मला वाटायचं, बिचारीला जुळवण्याची दृष्टी नाही. संसारात सगळंच काही बोलून दाखवायचं नसतं, म्हणून मी बावीस वर्षं गप्प बसलो.

कार्यक्रमाच्या दिवशी मी तिची टॉर्च घेऊन तिच्या जागेवर उभा राहिलो. मागचा पडदा आणि भिंत यांच्यामध्ये दोन-तीन हात रुंदीची बोळ आहे. कोणाचं काही उसवलं तर टाचायला ती तिथे टॉर्च आणि पिना घेऊन उभी असायची. तिने मला घेऊन दिलेला एक नारिंगी स्वेटर होता. लाज वाटून मी तो कधीच घातला नव्हता. त्या दिवशी म्हटलं, पडद्यामागे कोण बघतंय? आणि घातला.

संगीत सुरू झालं. पडद्यापलीकडे मुलींची पावलं ऐकू येऊ लागली. प्रेक्षक आधी शांत होते. मग कोणीतरी हसलं. मग दहा-बारा जण हसले. समुद्राच्या नाचात विनोद कुठे आहे, ते मला आठवेना. मी बाजूला, दिवेवाल्याच्या खुर्चीपाशी गेलो आणि डोकावलो.

रंगमंचावर बारा चेहरे होते आणि चोवीस हात होते. मध्ये काही नव्हतं. चेहरे वर तरंगत होते, हात त्यांच्या आसपास माशांसारखे पोहत होते आणि खाली चोवीस पावलं आपापल्या कामाला निघाली होती. पहिल्या रांगेतलं एक पोर आईला विचारत होतं, "बाकीच्या कुठे आहेत?"

एवढ्यात सगळ्यांत लहान मुलीला, टिकलीला, लंबूच्या हाताखालून निघायचं होतं. लंबू कुठे संपते आणि पडदा कुठे सुरू होतो ते तिला समजेना. ती सरळ लंबूच्या पोटात घुसली.

"दिसत नाही का गं?" लंबू दात आवळून म्हणाली.

"नाही ना!" टिकली म्हणाली. हे पाचव्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

दिवेवाला माझ्याकडे वळला. "काका, पडद्याचंच कापड वापरलंत का?"

मी खोटं बोलत नाही, ते ऐकून क्षणभर मला बरंच वाटलं. "नाही हो. जुळवलंय."

"कशाला?"

चौतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

"थांबा, लाल टाकून बघतो," तो म्हणाला. लाल दिवा पडला आणि पडदा काळा झाला. झगेही काळे झाले. माझं काम इतकं चोख होतं की दोन्ही सारखेच काळे झाले. मग त्याने पिवळा टाकला. समुद्र गढूळ झाला, झगेही तितकेच गढूळ. शेवटी त्याने निळा टाकला. आता मुलींचे चेहरेही निळे झाले आणि हातही निळे झाले. रंगमंचावर फक्त दात उरले. बाईंनी मुलींना नाचताना कायम हसतमुख राहायला शिकवलं होतं, म्हणून निदान दात तरी उरले. प्रेक्षक खुर्च्या बडवून हसत होते.

बाई रंगमंचाच्या पलीकडच्या विंगेत उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या रागावून बघत असत्या तर मला चाललं असतं. मला समोर दिसत होतं ते बाजारातलं दुकान, आणि माझं घर, आणि न वाजणारी बेल. आणि त्या 'जायलाच हवं'चा अर्थही तेव्हाच समजला. शेवटच्या खुर्चीतल्या माणसाच्या डोळ्यांत जायचं, तर तेवढं लागतंच. ती बरोबर होती. बावीस वर्षं बरोबर होती आणि मी तिला समजून घेत होतो.

"मागचा पडदा वर घ्या," बाई तिथूनच दिवेवाल्याला ओरडून म्हणाल्या.

"मागे नुसती भिंत आहे, बाई."

"पांढरी आहे ना? घ्या."

भिंत पांढरी होती हे खरं, पण तिला टेकून एक शिडी आणि दोन मोडक्या खुर्च्या ठेवल्या होत्या, हे मला माहीत होतं. म्हटलं, निदान एवढं तरी करू. मी टॉर्च पेटवून बोळीत धावलो. पहिली खुर्ची ढकलली, दुसरी ढकलली. शिडी उचलून कडेला सारली, तर ती माझ्याच डोक्यावर यायला लागली. ती थोपवायला मी टॉर्चसकट हात वर केला. शिडी बाजूला घसरली. आणि मी वळून बघतो तर पडदा माझ्या गुडघ्यांपर्यंत वर गेलेला.

पळायला दोन्हीकडे लांब होतं. पडदा पोटाशी आला, गळ्याशी आला, गेला. भरल्या नाट्यगृहासमोर, बरोबर मधोमध, पांढऱ्या भिंतीपुढे नारिंगी स्वेटर घालून, पेटलेली टॉर्च डोक्यावर धरून मी उभा. त्या संध्याकाळी त्या रंगमंचावर माझ्याइतकं स्पष्ट कोणीच दिसलं नाही.

"हलू नका," बाईंचा आवाज आला.

मी कसला हलतोय. माझा खांब झाला होता. मग तेच पहिल्या रांगेतलं पोर ओरडलं, "आई, दीपगृह!"

टाळ्या पडल्या. लंबू हुशार. तिने सगळी रांग वळवली आणि लाटा माझ्याभोवती फिरू लागल्या. टिकली जवळून जाता जाता ओठ न हलवता म्हणाली, "आजोबा, टॉर्च फिरवा ना." मी फिरवली.

आता पांढऱ्या भिंतीपुढे झगे दिसू लागले होते. इतक्या जवळून हिचं काम चालताना मी कधी बघितलंच नव्हतं. नेहमी ते मशीनवर नाहीतर खुंटीवर असायचं. नाचणारी मुलगी वळली की घेर आधी थोडा मागे राहायचा आणि मग एकदम उघडायचा. तो तसा उघडावा म्हणून ही घेराची एकेक कळी मोजून कापायची आणि मी दिवा बंद कर म्हणून ओरडायचो. बारा झगे माझ्याभोवती उघडत होते, मिटत होते. हात दुखत होता. तरी नाच संपू नये असं वाटत होतं.

घरी येताना माझी मुलगी म्हणाली, "बाबा, तिसऱ्या रांगेतून आधी दात दिसत होते आणि मग तुम्ही."

चार दिवसांनी बाई आल्या. मी चहा ठेवला. चहा संपवून त्यांनी विषय काढला.

"काका, पुढच्या वर्षीचे कपडे दुकानात देतेय."

"बरोबर आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"पण एक अडचण आहे. समुद्राचा नाच दोन ठिकाणी पुन्हा बोलावलाय. पत्रात लिहिलंय, दीपगृहासह."

"मला नाच येत नाही, बाई."

"नाचायचं नाहीये. नुसतं उभं राहायचंय. पण खरं सांगू का, तेही तुम्हाला जमलेलं नाही. तुम्ही डावीकडे कलता. क्लासमध्ये नवीन तुकडीमुळे जागा नाही. मुली इथे येऊन तालीम घेतील. चालेल?"

मी विचार करतो असं दाखवलं. फार वेळ नाही दाखवला, न जाणो त्यांनी बेत बदलला तर.

"आणि पडद्याचा रंग कोणता आहे, ते मी आधीच विचारून घेतलंय," बाई दारातून म्हणाल्या. "तुम्ही त्यात पडू नका."

आता दर रविवारी सकाळी बारा मुली येतात. टेबल भिंतीला लावतात, खुर्च्या गॅलरीत टाकतात आणि मला खोलीच्या मध्यभागी उभं करतात. शिकवायला टिकली असते. ती फार कडक आहे.

"आजोबा, दाराकडे सारखं काय बघताय? दीपगृह इकडेतिकडे बघत नाही."

"मग त्याला कसं समजणार, जहाज आलंय ते?"

"त्याला नाही समजलं तरी चालतं. जहाजाला समजलं पाहिजे. सरळ उभे राहा."

सहा रविवार झाले. मी काउंटरमागे चौतीस वर्षं उभा होतो, हे मी तिला सांगून बघितलं. ती म्हणाली, तिथे टेकायला काउंटर होतं. पण प्रगती आहे, असं सगळ्याच म्हणतात. डावीकडे कलणं पूर्ण थांबलंय. आता मी उजवीकडे कलतो.