निळा राजा विचार करत आहे

"संपवून टाका ना एकदाचं," बायको म्हणाली. "चालवून चालवून मारणार आहात का त्यांना?"

तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. एका हातात चहा, दुसऱ्या हातात फोन. फोनच्या पडद्यावर निळ्या राजाचं चाळीस हजारांचं सैन्य नदीकाठच्या गावाकडे निघालं होतं आणि त्यांच्या पावलांचा आवाज टेबलावर सांडत होता. टप, टप, टप. तीन महिने त्या घरात रोज सकाळी हा आवाज होता. बायकोला तो आता फोन बंद असतानाही ऐकू यायचा.

"संपवलं तर मजा काय उरली?" तो म्हणाला.

खेळ साधा होता. आधी आपली चाल, मग संगणकाची, मग परत आपली. पिवळा राजा म्हणजे हा स्वतः आणि निळा राजा म्हणजे संगणक. तिसऱ्याच दिवशी त्याला निळ्याची खोड सापडली. ज्या गावात एकही पहारेकरी नाही, त्या गावाकडे निळा सगळं सैन्य घेऊन धावत सुटायचा. सैन्य पटावर दोन घरांच्या अंतरावर आलं की हा वेशीत एक म्हातारा भालेवाला उभा करायचा आणि त्याच चालीत डोंगराखालचं दुसरं गाव रिकामं करायचा. लगेच चाळीस हजार माणसं पाठ फिरवून डोंगराकडे. तिथे पोहोचता पोहोचता तिथे भालेवाला, इकडे नदीकाठ मोकळा. दोनशे अकरा चाली झाल्या होत्या. निळ्यानं एकदाही तलवार उपसली नव्हती.

याला कोणी शौर्य म्हणत असेल तर म्हणो. घरातला उडालेला फ्यूज बदलायला ज्याला शेजाऱ्याला हाक मारावी लागते, तो माणूस रोज सकाळी चाळीस हजारांना नाचवत होता, आणि ते आपल्या अकलेमुळे घडतंय अशी त्याची पक्की समजूत होती. समोरचा मूर्ख आहे म्हणून आपण हुशार, या समजुतीवर माणसं अख्खा जन्म काढतात. यानं तर नुसते तीन महिने काढले होते.

"त्यातला एखादा तरी वर बघत असेल हो," बायको कप उचलत म्हणाली. "कोण चालवतंय म्हणून."

तो हसला. गोदामात त्याला सगळे 'मेंदू' म्हणायचे. ज्यांनी हे नाव ठेवलं ते त्या दिवशी पोट धरून हसले होते, पण त्याच्या पाठीमागे. त्यामुळे त्याला ते कौतुकच वाटत आलं होतं.

गोदाम बेसिनं आणि कमोडचं होतं. वीस रांगा, मधून सरळ मोठी वाट, आणि मांडण्यांच्या मागे भिंतीला लागून एक अरुंद बोळ. पांढऱ्याशुभ्र चिनी मातीची हजारो भांडी तिथे गप्प बसलेली असायची. कमोडची झाकणं उघडी, सगळ्यांची तोंडं वाटेकडे. नवीन माणसाला तिथे एकट्यानं उभं राहवत नसे. कोणीतरी काहीतरी विचारलंय आणि सगळे आपल्या उत्तराची वाट बघतायत, असं वाटायचं.

मेंदू तिथला गोदामपाल. कामावर फोन खेळतो म्हणून एक लेखी ताकीद त्याच्या नावावर आधीच होती. दुसरी ताकीद म्हणजे सरळ घरी. आणि आदल्याच दिवशी दुपारी फोनमधल्या भालेवाल्याला वेशीत उभं करता करता त्यानं माल ओढायची गाडी उलटी नेली आणि नवव्या रांगेतल्या बेसिनांच्या उतरंडीवर घातली. बारा बेसिनं गेली. आवाज असा झाला की झाडलोट करणाऱ्या मावशी केरसुणी टाकून धावत आल्या. त्यांनी ढीग पाहिला, फोन पाहिला, आणि वरून ताडपत्री ओढली.

दुसऱ्या गोदामात मेंदूचा एक मित्र होता. त्यानं बारा बेसिनं संध्याकाळी पाचच्या आत ट्रकनं पाठवतो म्हणून शब्द दिला होता. म्हणजे पाचपर्यंत नववी रांग कोणी बघायला नको. आणि बरोबर नऊ वाजून दहा मिनिटांनी दारात तपासनीस उभा. त्याची तारीख उद्याची होती.

उंच, वाळका, अंगात कंपनीचा निळा कोट, हातात जाड वही. पापणी हलवायची त्याला सवय नसावी. तो तीन पावलं चालायचा आणि थांबायचा. टप, टप, टप. बुटांना लोखंडी टाच होती. मेंदूला तो आवाज ओळखीचा वाटला.

या तपासनिसाचा एक नियम सगळ्या गोदामांना पाठ होता. दोष नुसता दिसून चालत नाही. जागेवर जायचं, दोषावर बोट ठेवायचं, मगच वहीत लिहायचं. बोट ठेवेपर्यंत दोष उरला नाही तर तो झालाच नाही. मेंदूनं नियम आठवला, मोठी वाट पाहिली, आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मावशींना त्यानं नवव्या रांगेसमोर बादली देऊन फरशी पुसायला बसवलं आणि कोणी विचारलं तर ओलं आहे म्हणून सांगायला बजावलं. मग बोळातून पहिल्या रांगेच्या टोकाला जाऊन त्यानं आग विझवायचं लाल नळकांडं खुंटीवरून काढून ठेवलं. रिकामी खुंटी मोठ्या वाटेवरून स्वच्छ दिसत होती. वाटेच्या मध्यावर आलेल्या तपासनिसानं मान वळवली. टप, टप, टप, निघाला.

तो पाचव्या रांगेशी आला तसा मांडणीआडून एक हात बाहेर आला आणि नळकांडं जागेवर लागलं. मेंदू पाय न वाजवता बोळातून विसाव्या रांगेकडे पळाला आणि आग लागली तर बाहेर पडायचं जे दार, त्याच्यासमोर चार रिकामे खोके लोटून परत आडोशाला गेला. तपासनीस खुंटीकडे बघत उभा राहिला. मग वळला. अडलेलं दार त्याला दिसलं. निघाला. सोळाव्या रांगेशी आला तर खोके नाहीत, आणि तिकडे लाल नळकांडं गायब.

मेंदूला हसू आवरेना. जे संगणकाला लागू ते निळ्या कोटालाही लागू. साडेदहापर्यंत तपासनीस सहा वेळा नवव्या रांगेवरून गेला आणि सहाही वेळा ओल्या फरशीवरून बूट उचलत पुढे सरकला.

अकराला एक फरक पडला. तपासनीस पाचव्या रांगेपर्यंत जाईनासा झाला. सातव्यापाशीच थांबायचा, वळायचा, तेराव्यापाशी थांबून परत वळायचा. मेंदूनं मांडणीच्या फटीतून, दोन कमोडच्या मधून, ते पाहिलं आणि खूश झाला. निळ्या सैन्याचंही असंच झालं होतं का, हे त्यानं आठवून पाहिलं नाही. पळायचं होतं.

दुपारी तपासनीस जेवला नाही. पाणीही प्यायला नाही. तो आता आठवी ते अकरावी एवढ्यातच फिरत होता. मेंदूला मात्र प्रत्येक वेळी पहिली ते विसावी पळावं लागत होतं, कारण दोष तर टोकांनाच होते. शर्ट पाठीला चिकटला होता. एकदा मावशींनी बोळात डोकावून पाहिलं.

"मेंदूसाहेब, चालतोय कोण, तो का तुम्ही?"

"मावशी, तुम्हाला नाही कळायचं. तो माझ्या मुठीत आहे."

"असं होय," मावशी म्हणाल्या आणि बादलीकडे परत गेल्या.

तीनच्या सुमाराला तपासनीस चालायचाच थांबला. नवव्या रांगेसमोर उभा राहून तो नुसता मान फिरवायचा, डावीकडे, मग उजवीकडे. मान वळली की मेंदू पळायचा. चारच्या पुढे मानही हलेना. फक्त बुटाचं टोक. टोक पहिल्या रांगेकडे वळलं की मेंदू विसाव्याकडे, विसाव्याकडे वळलं की पहिल्याकडे. छाती भात्यासारखी हलत होती आणि दोन्ही बाजूंनी उघड्या झाकणांची पांढरी तोंडं सरकत होती. मधेच त्याला वाटलं, ती मोजतायत.

खिशातून आवाज आला. टप, टप, टप. त्यानं धावता धावता फोन काढला. सकाळी खेळ बंद करायचा राहून गेला होता. निळं सैन्य नकाशाच्या मधोमध स्तब्ध उभं होतं, आणि वर एक ओळ होती: निळा राजा विचार करत आहे. ही ओळ प्रत्येक चालीला येते, पापणी लवेपर्यंत जाते. आज ती जात नव्हती. सैन्य उभं होतं आणि पावलांचा आवाज मात्र येत होता. त्यानं फोन बंद केला. आवाज थांबला नाही. मग लक्षात आलं, तो त्याच्याच पायांचा आहे.

साडेचारला मागच्या दारात ट्रकचा भोंगा वाजला. आता माल उतरवून घ्यायला हवा होता, पण बुटाचं टोक तेवढ्यात फिरलं. मेंदू पळाला. भोंगा परत वाजला. टोक परत फिरलं. शेवटी मावशींनीच ड्रायव्हरला आत घेतलं, ताडपत्री काढली, बारा नवी बेसिनं लावून घेतली आणि फुटक्या तुकड्यांचा ढीग झाडायला घेतला. मेंदूनं हे सगळं तुकड्या-तुकड्यांनी पाहिलं, प्रत्येक फेरीत थोडं. एका फेरीत मावशी तपासनिसाला पाय उचला म्हणत होत्या. पुढच्या फेरीत त्यानं पाय उचलला होता.

पाच वाजता मेंदू बोळातून बाहेर आला, गुडघ्यांवर हात टेकत. नववी रांग भरलेली होती. तो वाचला होता. त्यानं कपाळ पुसलं आणि तपासनिसाला नमस्कार केला.

"झाली का तपासणी, साहेब? काही सापडलं?"

तपासनीस तीन पावलं पुढे आला. त्यानं एक लांब, थंड बोट मेंदूच्या छातीवर, शर्टाच्या दुसऱ्या बटणावर ठेवलं. दुसऱ्या हातानं वही उघडली.

"बेसिनं फुटल्याचं मावशींनी सकाळीच सांगितलं मला," तो म्हणाला. "दारातच. चिनी माती आहे, फुटते. त्याची ताकीद नसते. एक अर्ज भरायचा असतो."

मेंदूनं मान वळवून मावशींकडे पाहिलं.

"आग विझवायचं नळकांडं खुंटीवरून काढलं, अठ्ठ्याण्णव वेळा. सुटकेचं दार अडवलं, सत्त्याण्णव वेळा. याची मात्र असते."

"साहेब, तुम्हाला माहीत होतं तर थांबवलं का नाहीत?"

तपासनिसानं थोडा विचार केला. तो विचार करत असताना त्याचा चेहरा अगदी रिकामा झाला.

"सकाळी मी एकदा सहज वळलो. तुम्ही पळालात. वाटलं, योगायोग असेल. परत वळलो, परत पळालात. मग म्हटलं, किती कमी वळून चालतं ते बघावं." त्यानं बुटाकडे पाहिलं. "अंगठ्यावर भागतं."

"साहेब, लिहू नका. घरी बसावं लागेल मला."

"नाही लिहीत," तपासनीस म्हणाला आणि वही मिटली. बोट मात्र अजून छातीवरच होतं. "लिहिलं की संपलं. संपवलं तर मजा काय उरली?"

हे वाक्य मेंदूनं सकाळी स्वतःच्या स्वयंपाकघरात म्हटलं होतं आणि तिथे बायकोशिवाय कोणी नव्हतं.

"परत येईन," तपासनीस म्हणाला. "कधी ते सांगत नाही." टप, टप, टप, तो गेला. गेल्यावरही बोटाची जागा थंड राहिली.

घरी येऊन मेंदूनं पाय गरम पाण्यात सोडले आणि खेळ उघडला. वरची ओळ गेली होती. निळं सैन्य नदीकाठच्या गावाकडे निघालं होतं, आणि पहिल्यांदाच त्याला त्या चाळीस हजारांचे पाय दिसले. त्यानं बायकोला हाक मारली.

"बघ. आज वेस उघडी ठेवतो. येऊ दे त्यांना आत. घेऊ दे गाव."

बायको हात पुसत येऊन उभी राहिली. त्यानं वेशीत भालेवाला उभा केलाच नाही आणि चाल सोडून दिली. सैन्य आलं. चार घरं उरली, तीन उरली. दोन घरांवर येऊन थांबलं. वेस सताड उघडी होती. आत कोणी नव्हतं.

सैन्यानं पाठ फिरवली आणि डोंगराकडे चालू लागलं.

"अहो, तिकडे तर पहारा आहे ना?" बायकोनं विचारलं.

"आहे."

त्यानं पुढची चाल सोडली, त्याच्या पुढचीही. सैन्य डोंगराजवळ दोन घरांवर गेलं आणि नदीकडे वळलं. कोणी काही करत नव्हतं. बायकोनं हात लांब करून फोन पालथा घातला.

सकाळी मेंदू गोदामात आला तो ठरवूनच. नळकांडं खुंटीला, दार मोकळं, फोन घरी. तपासनीस आला नाही. नऊ वाजून दहा मिनिटं झाली, साडेनऊ झाले. मेंदूनं खुर्ची मोठ्या वाटेकडे तोंड करून मांडली, फुटलेल्या बेसिनांचा अर्ज घेतला आणि पहिल्या ओळीत तारीख घातली.

नवव्या रांगेपाशी मावशी झाडत होत्या. केरसुणीच्या लांब दांड्याला काहीतरी चिकटलं होतं, ते पाडायला त्यांनी दांडा फरशीवर आपटला. टप, टप, टप.

मेंदूला कळलं तेव्हा तो बोळात होता, चौदाव्या रांगेशी, धापा टाकत. हातात पेन तसंच होतं. फटीतून त्याला आपली रिकामी खुर्ची दिसली, आणि तिच्या पलीकडे मावशी, खुर्चीकडे बघत असलेल्या.

मावशींनी एकदा मागे-पुढे पाहिलं. मग दांडा परत आपटला.