हिरव्या खुणेचा माणूस

माणसाला माणसाची पारख नसते, हे आता सर्वमान्य झालं आहे. म्हणूनच जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या ॲपने ती जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली, हे थोर उपकारच म्हणायचे.

एका शिंप्याचं शिलाई मशीन ऐन वेळी मधोमध तडकलं, दुरुस्तीच्या पलीकडे गेलं. शाळेचे दोनशे गणवेश महिनाअखेर द्यायचे होते. नाही दिले तर दुकानाला कुलूप. नवं परवडणारं नव्हतं. ॲपवर जुनी दोन होती. एक समोरच्या वहिनींचं. त्यांच्या हातचा चहा तो वीस वर्षं पीत होता आणि ते मशीन त्याने स्वतः दोनदा उघडून तेलपाणी केलं होतं. पण वहिनींनी आयुष्यात काही विकलेलं नसल्याने तारे शून्य, आणि नावाखाली लाल सूचना : 'या व्यक्तीची ओळख पटलेली नाही. सावध राहा.'

दुसऱ्या विक्रेत्याला पाच तारे, चारशे बारा अभिप्राय (पैकी चारशे एकाच दुपारी, लोक किती तत्पर!) आणि हिरवी खूण. कागदपत्रं चोख. प्रामाणिक माणसाचा एखादा तरी कागद हरवलेला असतो. याचा एकही हरवलेला नव्हता.

"अहो, वहिनींचंच घ्या ना," बायको म्हणाली. "समोरच तर राहतात."

"राहतात गं. पण ओळख कुठे पटलीय त्यांची?"

त्याने हिरव्या खुणेला पैसे पाठवले. चार दिवसांनी खोकं आलं. आत मशीनचा मोठा रंगीत फोटो होता. (जाहिरातीत 'फोटोत दिसतंय तेच मिळेल' असं लिहिलेलं होतं. माणूस शब्दाला जागला.)

ॲपच्या विश्वास-संरक्षण कक्षाने तक्रारीची तातडीने दखल घेतली. तक्रारींमुळे विश्वास उडतो आणि विश्वासाचं रक्षण हेच कक्षाचं काम. सबब तक्रार पुसण्यात आली व तक्रारदाराच्या नावाखाली लाल सूचना लावण्यात आली.

शिंपी खाली मान घालून वहिनींकडे गेला. त्यांनी चहा दिला, बायकोच्या गुडघ्याची चौकशी केली. मशीन कोपऱ्यातच होतं. मग त्यांनी मोबाइल पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"भाऊजी, तुम्हालाच द्यायचं होतं हो. पण हे बघा ना, काय लिहिलंय तुमच्याबद्दल."

दुसऱ्या दिवशी ते मशीन पाच ताऱ्यांवाल्या एका सज्जनाकडे रवाना झालं. त्याचे पैसे अजून वाटेत आहेत. गणवेश दुसऱ्या दुकानात गेले, आणि शिंप्याच्या दुकानाला कुलूप लागलं.

चूक शिंप्याची की वहिनींची, हे वाचकांनी स्वतः ठरवायला हरकत नाही. फक्त घाई करू नये. आधी बाकीच्या वाचकांनी काय ठरवलंय ते बघून घ्यावं, म्हणजे फसायची भीती नाही.