चेहरा धुवून ये

रविवारी संध्याकाळी राक्षस घरी आला तेव्हा दार उघडून त्याच्या बायकोने आधी घड्याळाकडे पाहिलं आणि मग नवऱ्याच्या तोंडाकडे. तोंड हिरवंगार होतं. भुवया लाल, गालांवर तांदळाच्या पिठाच्या जाड कडा, आणि नाकाच्या शेंड्यावर एक पांढरा गोळा. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तो रंगासकट कधी घरी आला नव्हता.

"थिएटरात पाणी नव्हतं का?" तिने विचारलं.

"होतं," राक्षस म्हणाला, आणि चपला काढून आत आला.

या माणसाला खरं नाव होतं आणि पोस्टाच्या हजेरीपटावर ते रोज लिहिलंही जायचं. पण गल्लीपासून ऑफिसपर्यंत सगळे त्याला राक्षसच म्हणत. स्वभावाने गरीब गाय. पायात मांजर आलं तर त्यालाही "जरा सरकतेस का" म्हणायचा. आठवडाभर पोस्टात पार्सलांच्या खिडकीवर बसायचा आणि रविवारी दुपारी जुन्या वळणाच्या एका नाटक मंडळीत दैत्यराज व्हायचा. रंग चढवायला तीन तास, गर्जना पाच, मरण एक. असं तीस वर्षं चाललं होतं. पोस्टाबद्दल कोणी विचारलं तर तो "चाललंय" म्हणून मोकळा व्हायचा. दैत्यराजाबद्दल विचारणाऱ्याची मात्र हमखास बस चुकायची.

या मंडळीत एक नियम होता. तोंडाला रंग असलेल्या नटाला वाईट बातमी सांगायची नाही. तो कुठल्या पोथीत लिहिलेला नव्हता, ठेच लागून आलेला होता. मालकांच्या आजोबांच्या काळात कोणा शहाण्याने ऐन युद्धाच्या प्रवेशात तेव्हाच्या राक्षसाला विंगेतून त्याचं घर जळाल्याचं सांगितलं. राक्षस तडक घरी गेला आणि राजा गदा उगारून एकटाच उभा राहिला. तेव्हापासून काही वाईट सांगायचं असलं की नटाला एवढंच म्हणायचं, "चेहरा धुवून ये, जरा बोलायचंय." हे वाक्य ऐकलं की भलेभले रंग काढायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लावत.

त्या रविवारी खेळ संपल्यावर मालक राक्षसाला नेमकं हेच म्हणाले.

राक्षसाने मनातल्या मनात सगळं जुळवून पाहिलं. चौथ्या गर्जनेला आवाज चिरकला होता. महिन्यापूर्वी मुकुटवाल्याने राक्षसाच्याच शिष्याच्या डोक्याचं माप घेतलं होतं. हा शिष्य त्याने स्वतः आठ वर्षं घासूनपुसून तयार केलेला. "नवी माणसं पुढे आणली पाहिजेत," असं मालक हल्ली येता-जाता म्हणत. आणि आज शिष्य थिएटराकडे फिरकलाही नव्हता. गुरूची भूमिका घ्यायची म्हणजे तोंड दाखवायला लाज वाटणारच. राक्षस मोरीपर्यंत गेला, नळ सोडला आणि आरशात पाहिलं. हा चेहरा गेला की मागे उरणार तो पार्सलांच्या खिडकीतला. त्याने नळ बंद केला आणि मागच्या दाराने बाहेर पडून बस पकडली.

"रंग आहे तोवर ते सांगू शकत नाहीत," त्याने बायकोला समजावलं.

"आणि किती दिवस नाही धुणार?"

"बघू."

"उद्या पोस्टात काय सांगणार?"

"रजा शिल्लक नाही," राक्षस म्हणाला. रंग उशीला पुसला जाऊ नये म्हणून तो खुर्चीत बसूनच झोपला.

सोमवारी पार्सलांच्या खिडकीसमोर कधी नव्हे ती सरळ रांग लागली. एरवी तिथे सुतळीवरून, वजनावरून, गेल्या महिन्यात न पोचलेल्या खोक्यावरून रोज तंटा व्हायचा. त्या दिवशी कोणी आवाज चढवला नाही. एका बाईंनी पत्ता अर्धवट लिहून आणला होता. राक्षसाने नुसती मान वर केली, तर त्यांनी मुकाट्याने घरनंबर, मजला आणि शेजाऱ्याचा फोनसुद्धा लिहून दिला. पोस्टमास्तर खडसवायलाच आले होते. पण एक वाजता खिडकी रिकामी पाहून "तब्येतीला जपा" एवढंच म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

संध्याकाळी मालक घरी आले. वय पंचाहत्तर, तरुणपणी स्वतः राजाचं काम करायचे, आता हात कापतो म्हणून पंधरा वर्षं रंगाला शिवले नव्हते. त्यांनी राक्षसाचं तोंड पाहिलं आणि जे बोलायला आले होते ते गिळून टाकलं. मग चहा घेतला. हवेचा विषय काढला, गुडघ्यांचा काढला, पुन्हा हवेकडे वळले.

"त्रास होईल रे, धुऊन टाक," निघताना म्हणाले.

"सवय आहे," राक्षस म्हणाला.

मंगळवारी त्यांनी मेकअपवाल्याला पाठवलं. तीस वर्षं राक्षसाचं तोंड रंगवणारा हा माणूस खोबरेल तेलाची बाटली आणि कापूस पाठीमागे लपवून "सहज आलो होतो" असं म्हणत अर्धा तास दारात उभा राहिला. राक्षसाने दाराची साखळी काढली नाही.

हाल चालले होते ते बायकोचे. मंडळीचा नियम तिनेही संसारात पाळला होता. रविवारी अंघोळ होईपर्यंत ती गॅस संपल्याचंही नवऱ्याला सांगत नसे. पण रविवार एका दिवसाचा असतो. इथे मोरीचा पाइप फुटला, मुलगी एका विषयात नापास झाली, माहेरी आई पडून मनगट मोडून बसली, आणि हे सगळं पोटात ठेवून ती हिरव्या तोंडाच्या नवऱ्याला जेवायला वाढत होती. शेवटी ती शेजारणीकडे जाऊन रडून आली.

बुधवारी सकाळी राक्षसाचा डावा डोळा उघडेना. पिठाच्या कडांखाली आग होत होती आणि मान कानापर्यंत सुजली होती. बायकोने तेलाची वाटी समोर आदळली.

"तुम्ही धुता, की मी धुऊ?"

तो मोरीत गेला. हिरवा रंग निघाला, लाल निघाला, आणि पीठ निघताना त्याच्याबरोबर कातडीही निघाली. तो टॉवेल घेऊन बाहेर येतो न येतो तोच बायकोने तीन दिवसांचं सगळं एका दमात सांगून टाकलं, पाइपापासून आईपर्यंत. त्याने ते शांतपणे ऐकलं. ज्याची भीती होती ते त्यात नव्हतं.

कातडीच्या डॉक्टरने भिंग लावून पाहिलं. "रंग किती वेळ होता?"

"सहासष्ट तास."

डॉक्टरने भिंग खाली ठेवलं. "यापुढे रंग बंद. एकदाही नाही. पुन्हा लावलात तर डोळा जाईल, मग माझ्याकडे येऊ नका."

दवाखान्याच्या पायरीवर बसून राक्षस रडला. पाणी गालावर आलं की झोंबायचं, म्हणून नीट रडताही येईना. त्याला फार वाईट वाटलं. दुसऱ्या कोणी काढून घेतलं असतं तर त्याला दोष तरी देता आला असता. इथे वाचवायला गेला आणि स्वतःच घालवून बसला. बायकोने त्याचा हात धरला आणि त्याला घरी आणलं. मग मलम कोणतं बरं म्हणून तिने मेकअपवाल्याला फोन केला आणि डॉक्टर काय म्हणाले तेही ओघात सांगितलं.

संध्याकाळी राक्षस उठला. "मीच सांगून येतो मालकांना. त्यांनी काढण्याआधी आपण निघालेलं बरं."

मालकांच्या सुनेने दार उघडलं. ती गोंधळलेली दिसली. "या काका. दुपारी मेकअपवाले येऊन गेले. ते गेल्यापासून बाबा आरशासमोरून हललेले नाहीत."

मालक आतल्या खोलीत बनियनवर बसले होते. तोंडाला राजाचा रंग होता. स्वतःच्या कापऱ्या हाताने लावलेला. एक भुवई कपाळात गेली होती आणि ओठ हनुवटीपर्यंत उतरले होते. राक्षस दारातच थांबला.

"बस," मालक म्हणाले. "तू काही बोलू नकोस. आता तुझा चेहरा धुतलेला आहे, तेव्हा मी सांगतो. तुझा शिष्य गेला. शनिवारी निरोप पाठवला, लांब कुठेतरी गोदामात नोकरी लागली म्हणून. परत येणार नाही. आठ वर्षं जीव लावलास, तुला लागेल म्हणून धुवायला सांगत होतो."

राक्षस खाली बसला.

"हे होतं?"

"दुसरं काय असणार? दैत्यराज करणारं माणूस आता तुझ्याशिवाय कोणी नाही. तू आहेस तोवर आपला खेळ आहे. हे सगळ्यांना सांगून टाकलंय मी."

"मालक, मी आज डॉक्टरकडे..."

मालकांनी एक बोट वर केलं आणि हळूच स्वतःच्या रंगवलेल्या गालाला लावलं. त्यांची नजर राक्षसाच्या सोललेल्या तोंडावर नव्हती. ती समोरच्या भिंतीवर होती आणि तिथून हलत नव्हती. राक्षसाने उघडलेलं तोंड मिटलं.

"रविवारी जरा लवकर ये," मालक म्हणाले. "तुला रंगाला वेळ लागतो."

"येतो," राक्षस म्हणाला. दुसरं काय म्हणणार?