चेक या शब्दाच्या कुळीची हकीकत

गजाननास आणि वाणीस नमन करून, जैसे कानी आले तैसे लिहितो. ज्यास धक्का सोसत नाही त्याने येथेच पान मिटावे. शके सतराशे सव्वीस, रक्ताक्षी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, एका राज्यात (नाव घेण्याची सोय नाही) ऐसा प्रकार जाहला की, ऐकणाराची बोटे तोंडात गेली ती अद्यापि निघाली नाहीत. त्या राज्यात थोरल्या महाराजांनी नेम घालून दिला होता की, बुद्धिबळ खेळताना हुजुरास 'शह' म्हणो नये; म्हणेल त्याची जीभ छाटावी. मग मानकऱ्यांनी तोड काढिली. शह द्यावयाची वेळ आली की समोरच्याने खोकावे, आणि मागे उभे राहिलेले कारभारी यादोपंत यांनी 'राजास त्या घरी वारा चांगला लागेल' म्हणोन सुचवावे, आणि हल्लीच्या महाराजांनी राजा हलवावा. महाराजांस वाटे, आपल्याला शह देण्याजोगा खेळणारा अजून जन्मास आला नाही, आणि आपला दरबार मात्र छातीने नाजूक आहे. म्हणोन खोकणाराच्या घरी सरकारातून सुंठीचा काढा जाई. अर्धा दरबार काढा पिऊन विटला होता, परंतु बोलतो कोण!

ऐशात विलायती वकील पिंडलटन साहेब भेटीस आले, आणि डाव मांडिला, आणि खेळ रंगतो न रंगतो तो साहेबांनी उंट सरकविला आणि मोठ्याने म्हणाले, "चेक!" खोकले नाहीत, खाकरले नाहीत! महाराजांनी विचारिले, "अंताजीपंत, साहेब काय बोलतात?" अंताजी मल्हार हे दरबारचे दुभाषे, फारशी आणि फिरंगी दोन्ही जाणणार, आणि बेलभंडार उचलून खरे सांगण्यास बांधलेले. तोंडातली जीभ त्यांनी दातांनी एकदा चाचपून पाहिली, आणि मग हात जोडिले.

"महाराज, साहेबांच्या अंगी चौकड्यांची विजार आहे, तैशा कापडास चेक म्हणतात."

"विजारीची तारीफ आत्ताच कशास?"

"त्यांच्या पेढीवर हुंडीसारखा कागद चालतो, तोही चेक."

"येथे कोणी पेढी मांडली आहे?"

"हिशेब तपासणे, तेही चेक. उधळत्या घोड्यास लगाम ओढून आवरणे, तेही चेक."

दरबारात चुळबूळ जाहली. तपासणे? आवरणे? आणि ते हुजुरासमोर? यादोपंत डोळे वटारू लागले. महाराज म्हणाले, "पंत, तुम्ही लेकरे दाखविता, बाप लपविता. शपथ आठवा."

मग पंतांनी डोळे मिटिले आणि एका दमात बोलून गेले, "बाप आपणच, महाराज. इराणात राजास शाह म्हणतात. पटावर राजा संकटी आला की त्याचेच नाव घेऊन त्यास सावध करावे, अशी रीत. तो शब्द आरबांकडून फ्रांसिसांकडे, आणि तेथून इंग्रजांकडे गेला, आणि चेक जाहला. राजास अडविले म्हणोन आवरणे चेक, आवरून पाहिले म्हणोन तपासणे चेक, हुंडी पडताळून पाहावी म्हणोन कागद चेक, आणि पटाची घरे कापडावर उतरली म्हणोन ती विजार. आपण त्यासच शह म्हणतो."

हाय हाय! भर दरबारात शब्द उच्चारिला! एका मानकऱ्याचा विडा तोंडातून गालिच्यावर पडला, आणि चोपदार काठी कोठे टेकावी ते विसरला, आणि कोतवाल कट्यारीस हात घालून पुढे जाहला. महाराजांनी त्यास हातानेच थांबविले, आणि ते पंतांकडे वळले.

"संकट आले की सांगतात? मग आम्हांस आजवर कोणी कां सांगितले नाही?" मग महाराज हळू आवाजात म्हणाले, "तो खोकला..."

"होय, महाराज," पंत म्हणाले.

महाराजांनी विचारिले, "पटाबाहेर काय आहे? तेथेही आम्हांस वाराच खाऊ घातला काय?"

यादोपंत पुढे सरले. "हुजूर, मंडळी दमली आहे, आज डाव येथेच..."

"तुम्ही उगे राहा. पंत, बोला."

जीभ गेलीच आहे, तर जाता जाता कामास तरी यावी, ऐसे मनी आणून पंत बोलिले, "उत्तरेचा किल्ला साहेबांच्या फौजेने दसऱ्यापूर्वीच घेतला. किल्लेदार पडले. सगळ्या दरबारास ठाऊक आहे."

साहेबांस भाषा कळत नव्हती. ते आपले महाराजांच्या खेळीची वाट पाहात हसतमुख बसले होते.

"तुम्हांसही ठाऊक होते?"

"होते, महाराज."

"मग बोलला कां नाहीत?"

"भय वाटले."

महाराजांनी पटावरील आपला राजा बोटांनी धरिला, परंतु कोठे ठेवावा ते कळेना, आणि सर्वांदेखत म्हणाले, "पंत, आता आम्हांसही वाटते."

तात्पर्य, थोरल्या महाराजांचा नेम त्याच दिवशी मोडिला, कोतवाल माघारी गेला, आणि अंताजीपंतांची जीभ राहिली. किल्ला राहिला नाही. लिहिणाराने पदरचे काही घातले नाही. अधिक उणे असेल ते ऐकणाराने पोटात घालावे.