बिबट्याचे चारही पाय उजवे

माणसाला गंडवायची कला अख्ख्या करमाड पट्ट्यात माझ्यापेक्षा जास्त कुणाला येत असंल, तर त्यानं समोर यावं. मी त्याला चहा पाजतो. चहात काय घातलंय ते नंतर सांगतो! नाव गोकुळ, वय पन्नास, धंदा शेती आन् छंद हा असा.

गाव आमचं वाकडदरा. करमाडच्या फाट्यावरून आत सहा किलोमीटर. मतदार यादीत माणसं चारशे बारा, गावात राहणारी एकोणचाळीस! बाकीची कुणी वाळूजला, कुणी सिडकोत, कुणी पार पुण्यात. घराला कुलूप ठोकलं, किल्ली खिशात टाकली, गेले. मग रिकाम्या गावात नवे भाडेकरू आले. खालच्या आळीत साळिंदरं. मारुतीच्या पारामागं रानडुकरं. रोही, म्हंजे नीलगाई, तर सकाळी सातला रस्त्यानं असे चालतात, जसं काय तलाठ्याकडं सातबारा काढायला निघालेत! आन् वानरांनी सगळ्यात भारी घर धरलं, माझा चुलतभाऊ विश्वजीतचं. दोन मजली, स्लॅबचं, वर संगमरवरात 'मातोश्री निवास'. मागची एक खिडकी फुटली आन् नऊ वानरांनी वास्तुशांत न करताच गृहप्रवेश केला.

विश्वजीत शहरात प्लॉट विकतो. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन तोच. ग्रुपचं नाव 'माझं गाव माझा श्वास'. मेंबर दोनशे साठ. रोज पहाटे गुगलवरून उचललेला सूर्योदय टाकतो, 'गावाकडची सकाळ' म्हणून. त्या फोटोत मागं नारळाची झाडं असतात! आमच्याकडं नारळ फक्त देवळात फुटताना दिसतो. पण खाली दोनशे जणांचे हात जोडलेले. "मातीची ओढ!" "गेले ते दिवस!" श्वास घ्यायला मात्र वर्षातून एक जण फिरकत नाय.

अशात कागद आला. शाळेचा पट फक्त पाच, म्हणून शाळा बंद, पोरं करमाडला पाठवा. त्या पाचात एक माझी श्रेया, तिसरीत. शाळेत खिचडी शिजवती माझी बायको तनुजा. आन् उरलेली खिचडी संपवतो मी! म्हंजे शाळा गेली की आमच्या घरातले तिघं एका दिवसात बेकार. एसटी तर कधीच बंद झालेली. तिसरीतल्या पोरीनं रानडुकरांतून सहा किलोमीटर चालायचं का?

ग्रामसेवक म्हणले, "शाळा राहू द्या, असा ग्रामसभेचा ठराव द्या. पण शंभर माणसं हजर पाहिजेत. एक जरी कमी भरलं तरी साहेब कागद हातात धरत नाय."

मी ग्रुपवर टाकलं, "रविवारी सभा. शाळा वाचवायची हाय. या."

दोनशे साठ जोडलेले हात आले. माणूस एक नाय! विश्वजीतनं लिहिलं, "मनानं तिथंच आहे भावा."

मी लिहिलं, "मनाची सही चालत नाय म्हणतात."

त्यानं मला ग्रुपातून काढलं. दोन दिवसांनी परत घेतलं. सूर्योदय बघायला गिऱ्हाईक कमी पडलं असंल.

तनुजा भाकरी थापता थापता म्हणली, "यांना शाळा नको. यांना तमाशा पाहिजे."

बास! डोक्यात ट्यूब पेटली.

दुसऱ्या दिवशी शहरात शहागंजच्या बाजारात गेलो आन् बिबट्याच्या ठिपक्यांचं ब्लँकेट घेतलं. दुकानदार म्हणला, "लेव भाई, एकदम असली छाप! धोने से भी नहीं जाती."

"कुत्ते को होगा क्या?"

"भाई, मेहमान को कुत्ता नहीं बोलते."

घरी येऊन एका मोठ्या बटाट्यावर पंजा कोरला आन् विश्वजीतच्या अंगणात पाणी ओतून केलेल्या चिखलात छान चाळीस-पन्नास ठसे उमटवले. थंडीचे दिवस, सकाळचं धुकं. आमच्या मोतीला, म्हंजे आमच्या कुत्र्याला, ब्लँकेट पोटाखालून सुतळीनं आवळून बांधलं आन् बाहेरच्या जिन्यानं विश्वजीतच्या गच्चीवर चढवलं. लांबून फोटो काढला. असा अंधुक, की मलाच घाम फुटला! ग्रुपवर टाकला आन् खाली लिहिलं, "जिवाची काळजी असंल त्यानं रविवारी गावाकडं फिरकू नये."

रविवारी सकाळी दहाच्या आत गाड्या आल्या सेहेचाळीस!

ऐंशीच्या भागूबाई पारावर बसल्या व्हत्या. डोळ्यांनी त्यांना अंधुक दिसतं. म्हणल्या, "गोकुळ, वानरं आली का रं पुन्हा? लई कालवा चाललाय."

"नाय आत्या, शहरातले नातेवाईक आलेत."

"तेच की."

काय ती जत्रा! गॉगल घातलेले काके, ठिपक्यांचे ड्रेस घातलेल्या काकू. कुणी ठशाशेजारी पाय ठेवून फोटो काढतंय, कुणी ठशाला हळद-कुंकू वाहतंय! पद्मजावहिनी, विश्वजीतची बायको, मला म्हणली, "भावजी, बिबट्या किती वाजता येतो हो? आम्हाला तीनला परत निघायचंय."

"साडेदहाला येतो वहिनी. रविवारी जरा उशिरा उठतो."

तिनं खरंच घड्याळ बघितलं!

तेवढ्यात वनखात्याची जीप आली, मागं पिंजरा. हे काय माझ्या डावात नव्हतं. कुण्या अतिशहाण्यानं फोन केला व्हता. जीपमधून वनरक्षक बद्रीनाथ उतरला. चिखलात उकिडवा बसला. एक ठसा बघितला, दुसरा बघितला, सगळं अंगण फिरला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणला, "गोकुळभाऊ, या बिबट्याचे चारही पाय उजवेच कसे?"

मी म्हणलो, "जंगली जनावर हाय साहेब. शिकलेलं थोडंच असतंय!"

तो नुसता हसला. पण थांबायला वेळ कुठं व्हता? मी सगळ्यांना ओरडून सांगितलं, "बिबट्या शाळेच्या मैदानावरून लई झ्याक दिसतो!" सगळी वरात शाळेकडं वळली. तिथं ग्रामसेवक रजिस्टर घेऊन तयार! नुसत्या पाहुण्यांची डोकी मोजली. एकशे त्रेचाळीस! गर्दी टिकावी म्हणून तनुजानं मोठ्या पातेल्यात खिचडी चढवली व्हती. आन् कुणी कंटाळलाच, तर लांबून झलक दाखवायला मोती ब्लँकेट बांधून गोठ्यात तयार. म्हणा, काय बारीक डोकं हाय!

ग्रामसेवकांनी वाचायला घेतलं, "ही ग्रामसभा ठराव करते की, गावातली शाळा..."

"थांबा!" कुणीतरी बोंबललं.

विश्वजीत घराकडून धावत येत व्हता. शर्ट फाटलेला, एका पायात बूट. झालं असं, की डोकी मोजून झाल्यावर साहेब वरच्या खिडकीतून सेल्फी काढायला घराचं कुलूप उघडून आत गेले. गाड्यांच्या हॉर्नला भिऊन नऊच्या नऊ वानरं आत लपलेली. दार उघडलं तशी सगळी त्याच्या अंगावरून बाहेर!

"बिबट्या! माझ्या घरात! शेपटी ही एवढी!"

एकशे त्रेचाळीस माणसं पाच पोरांच्या एका खोलीत घुसली. दार लावलं. बाकांवर काके, फळ्याला चिकटून काकू, टेबलावर विश्वजीत. तिथूनच तो ओरडला,

"असल्या जागी लेकरं शिकवायची? शाळा आजच बंद करा!"

मी म्हणलो, "अरं वानरं व्हती ती!"

"तू गप! बिबट्याचा फोटो तूच टाकला ना?"

"तुझी लेकरं कुठं शिकतात रं?"

"इंटरनॅशनलला. म्हणून मला यांची काळजी नाय व्हय?"

"बंद करा! बंद करा!" सगळी खोली ओरडाय लागली. कोपऱ्यात श्रेया दप्तर छातीशी धरून माझ्याकडं बघत व्हती. तेव्हा मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. खरं बोललो!

"ऐका! बिबट्या-फिबट्या काय नाय. तो माझा मोती हाय! ब्लँकेट बांधलं व्हतं मी!"

मग अशी हसली माणसं, की खिडक्यांच्या काचा हलल्या.

"या गोकुळनं माझ्या वरातीला घोडा म्हणून गाढव पाठवलं व्हतं!"

"मला पोलीस भरतीचं खोटं पत्र धाडलं! मी मिशी काढून पार शहरात गेलो व्हतो!"

"याचं काय ऐकता? सही करा, सही!"

मी मागच्या दारानं सुटलो. म्हणलं, मोतीला ब्लँकेटसकट आणून टेबलावरच उभा करतो. गोठ्याचं दार उघडलं. पण मोतीला खिचडीचा वास लागला! मला ढकलून तो सुसाट शाळेकडं. पाठीवर ठिपके, मागं मी हातात काठी घेऊन, "थांब! थांब!"

खिडकीतून एकच किंकाळी. इतकी मोठी, की मोती बिचारा घाबरून वळला आन् तुरीच्या रानात घुसला. मी पण त्याच्या मागं. परत आलो तर चार मिनिटांत एकशे त्रेचाळीस सह्या झालेल्या! शाळा बंद करायच्या. दहा वर्षांत गावासाठी या लोकांनी केलेलं हे पहिलं काम, आन् तेही किती झटपट!

दार उघडलं. टाळ्या! "गोकुळनं बिबट्या हाकलला!" विश्वजीतनं मला मिठी मारली. दुसरा ठराव लगेच झाला, माझ्या शौर्याच्या अभिनंदनाचा.

मी बद्रीनाथला बाजूला ओढलं. "साहेब, तुम्हाला ठाऊक हाय. तुमच्यावर ते विश्वास ठेवतील. सांगा ना यांना!"

"सांगतो की," तो शांतपणे म्हणला. "पण मग खोटी माहिती देऊन सरकारी पिंजरा आणवला म्हणून तुमच्यावर गुन्हा दाखल करावा लागंल. बोला, सांगू?"

मी श्रेयाकडं बघितलं. पिंजऱ्याकडं बघितलं. मग मान खाली घातली, आन् त्या वाकवलेल्या मानेवर विश्वजीतनं शाल टाकली. वर नारळ दिला.

तीनच्या ठोक्याला सगळ्या गाड्या गेल्या. खिचडी संपवून गेले! दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सूर्योदयाच्या जागी माझा शालीतला फोटो. खाली दोनशे साठ जोडलेले हात.

जूनपासून शाळा बंद. श्रेयाला मी गाडीवर करमाडला सोडतो. रोज चोवीस किलोमीटर, दोन खेपा. तनुजा सकाळी डबा हातात देते आन् म्हणते, "निघा, वाघमारे." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

विश्वजीतनं त्याच्या घराला जाळ्या बसवल्या. वानरांनी मग शाळा धरली. रोज साडेदहाला नऊच्या नऊ व्हरांड्यात ओळीनं बसतात. अगदी शिस्तीत!

परवा करमाडहून परत येताना भागूबाई पारावरनं हाक मारून म्हणल्या, "गोकुळ, शाळा चालू झाली का रं? लई लेकरं बसलेली दिसतायत."

काय सांगणार? मी म्हणलो, "व्हय आत्या. पट वाढला."

"मग हितं काय उभा राहिलास? जा, खिचडी खा जाऊन!"