बाहेरपणाची घरपोच सोय

जगात प्रत्येक गोष्टीला एक आत असते आणि एक बाहेर असते. या दोहोंतला फरक ज्याला कळतो तो शहाणा. आणि ज्याला तो बहुमताने ठरवता येतो तो इमारतीच्या व्यवस्थापन समितीचा सभासद. मी अशा एका समितीचा मानद चिटणीस आहे. (मानद म्हणजे शिव्या पूर्ण, पगार नाही.) आमच्या समितीने पाळीव प्राणी घरात ठेवावेत की बाहेर सोडावेत, हा भल्याभल्यांच्या घरी भिजत पडलेला प्रश्न कायमचा निकालात काढला. इतर इमारतींना मार्गदर्शन व्हावे म्हणून त्याची हकिकत देत आहे.

आमच्याकडे पाळीव प्राणी दोनच. तळमजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात, त्यांचा कुत्रा दरारा. अंगाने वासराएवढा, आवाज बंद दारातून ऐकावा असा. चौथ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या वहिनी राहतात, त्यांचा बोका पाहुणा. तो एकदा जिन्यात आला तेव्हा "दूध पिऊन जाईल आपला आपण" असे सगळ्यांनी ठरवले होते. त्याला सहा वर्षे झाली. पाहुणा सकाळी बाहेर पडे तो दिवे लागायच्या सुमाराला परते.

मधल्या वेळात तो कुठे असतो हे फक्त वहिनींच्या सासूबाईंना ठाऊक असे. त्यांना सारी इमारत आजी म्हणते. आजींचे गुडघे गेलेले, इमारतीला लिफ्ट नाही, सबब तीन वर्षांत त्या खाली उतरलेल्या नाहीत. पाहुणा आला की त्या त्याला मांडीवर ओढत, त्याच्या मानेत नाक खुपसत आणि बातम्या सांगत.

"बेकरीच्या मागे बसला होता मेला. पाव करपलेत आज त्यांचे."

"गॅरेजवाल्याकडे मोठी गाडी आलीय वाटतं. ग्रीस बघ किती लागलंय."

"कुणीतरी घर रंगवतंय गं. निळा रंग. लग्न ठरलं असणार."

बातमी सहसा खोटी निघत नसे. वहिनींनी वर्तमानपत्र केव्हाच बंद केले होते.

असे सगळे सुरळीत चालले असता एका सकाळी पाहुणा आणि दरारा जिन्यात समोरासमोर आले. दरारा भुंकला. पाहुण्याने त्याच्या थोबाडात एक ठेवून दिली. (डॉक्टरांच्या तक्रारीत 'सामूहिक हल्ला' असे शब्द आहेत. चौकशीअंती मांजर एकच आणि पंजाही एकच असल्याचे निष्पन्न झाले.) दरारा धावत घरात गेला तो थेट पलंगाखाली, आणि बाहेर यायचे नाव घेईना. त्याला जेवणसुद्धा ताट सरकवून द्यावे लागे.

समितीची तातडीची सभा भरली. आमचे अध्यक्ष ग्रिलवाले काका. खिडक्यांना लोखंडी ग्रिल बसवण्याचा त्यांचा पिढीजात धंदा आहे, त्यामुळे आत आणि बाहेर या विषयाचा त्यांचा अभ्यास दांडगा. त्यांनी सुरुवातीलाच सांगितले की बाहेर ही जागाच मुळात धोक्याची आहे. तिथे गाड्या आहेत, रोगराई आहे, वाईट संगत आहे. घरातले मांजर जास्त जगते. किती जास्त, असे कोणीतरी विचारले. "भरपूर," काका म्हणाले, आणि इतिवृत्तात मी 'भरपूर वर्षे' अशी अचूक नोंद केली.

वहिनी म्हणाल्या, "अहो, प्राणी आहे तो. फुलदाणी नाही कपाटात ठेवायला."

"फुलदाणीला कधी गाडीने उडवलंय का?" काकांनी विचारले.

हा युक्तिवाद टाळ्यांच्या गजरात मान्य झाला. ठराव झाला की सर्व पाळीव प्राण्यांनी आत राहावे. महिन्याभराने पाहणी होईल; तीत एखादा प्राणी दाराबाहेर पडताना आढळला तर त्याची रवानगी काकांच्या वेशीबाहेरच्या गोदामात करण्यात येईल, कायमची. (त्या गोदामात उंदीर फार झाले आहेत, हा केवळ योगायोग.) मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा जगाचा जुना प्रश्न. आम्ही घंटेच्या फंदात न पडता खिडकीला ग्रिल बांधून मोकळे झालो. ग्रिल काकांनी स्वतः लक्ष घालून सवलतीत बसवले.

मात्र समिती निर्दय आहे असा गैरसमज नसावा. प्राण्याला मोकळ्या हवेची गरज असते हे आम्ही जाणून होतो. म्हणून ठरावाला उपकलम जोडले: प्रत्येक प्राण्यास दररोज दोन तास बाहेरपणा पुरवावा, आणि तो आतच पुरवावा. बाहेरपणाची व्याख्याही केली. वारा, ऊन, माती, चढण्यासारखे काहीतरी आणि थोडा धोका. काकांच्या मते एवढे असले की बाहेर जायची गरज कोणालाच उरत नाही.

वहिनींच्या घरी वारा म्हणजे टेबलफॅन, ऊन म्हणजे शिलाई मशीनचा दिवा, माती परातीत, आणि चढायला कपाट. धोक्याचे काम वहिनींच्या यजमानांकडे आले. ते बसमध्ये कंडक्टर आहेत. दिवसभर ओरडून आलेला माणूस संध्याकाळी ठरल्या वेळी दाराआडून गुरगुरे. पाहुणा त्यांच्याकडे एकदा पाही आणि परातीत झोपी जाई. तळमजल्यावर दराऱ्यासाठीही टेबलफॅन लावला होता. त्याला पाहून तो पलंगाखालून कपाटाखाली गेला.

आठवड्याने मी प्रगती पाहायला चौथ्या मजल्यावर गेलो. आजी पाहुण्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पण त्यांचे नाक त्याच्या मानेत नव्हते.

"ये रे चिटणीसा," त्या म्हणाल्या. "घे, वास घे ह्याचा."

मी वास घेतला.

"कसला येतोय?"

"साबणाचा."

"आपल्याच न्हाणीतला साबण. आठ दिवस झाले, मला साबणाच्या बातम्या कळतायत. निळं घर रंगवून झालं की नाही देव जाणे. तुम्ही ह्याला कोंडलंत म्हणता. अरे, मी कोंडलेलीच होते. मला कळलं नव्हतं एवढंच. हा गेला ना गोदामात, की माझ्याशी खालचं बोलायला कोणी नाही बघ."

मला वाईट वाटले. समितीच्या पदाधिकाऱ्याला वाईट वाटण्याची तरतूद नियमांत नाही, तरीही वाटले. घरी येऊन बायकोला सांगितले तर ती म्हणाली, "मग बसलात काय? ठरावात बाहेरपणा पुरवा म्हटलंय ना? पुरवा की मग नीट."

दुसऱ्या दिवशी मी बेकरीतून पावांचे रिकामे पोते आणि गॅरेजमधून ग्रीसचे फडके आणून दिले. आजींनी फडके नाकाशी धरले आणि म्हणाल्या, "ट्रक आहे." बघता बघता इमारतीत हे पसरले. कोणी पालापाचोळा आणला, कोणी जुना टायर, कोणी कोपऱ्यावरचे मोडके बाक. वहिनींच्या दिवाणखान्यात ग्रिलच्या फटीतून कबुतरे येऊ लागली. ऊन यावे म्हणून पडदे काढले, वारा यावा म्हणून दार दिवसा उघडे राहू लागले. (पाहुण्याला त्या वेळी स्वयंपाकघरात बंद ठेवत. बाहेरपणाच्या सोयीसाठी त्याला एवढी कळ सोसावी लागली.) मग दारात एक चहावाला येऊन बसला. त्याच्यामागून त्याचे गिऱ्हाईक आले. अनोळखी माणसे बाकावर बसून "बस कधीची आहे?" असे विचारू लागली, आणि वहिनींचे यजमान सवयीने सांगूही लागले. एक जण कोपऱ्यात थुंकला. एकाने टायरजवळ सायकल लावली. दुसऱ्या दिवशी ती सायकल चोरीला गेली, तेव्हा मात्र दिवाणखाना खरोखरच बाहेर असल्याबद्दल कोणाच्याही मनात शंका उरली नाही.

आजी दिवसभर बाकावर बसून असत. "किती वर्षांनी खाली उतरल्यासारखं वाटतंय," असे त्या येईल त्याला सांगत. पण संध्याकाळ झाली की त्यांचा हात मांडीवरच्या बोक्यावर जाई आणि तिथेच राही. पाहणीचा दिवस जवळ येत होता.

तो आला. काका, डॉक्टर आणि मी चौथ्या मजल्यावर पोहोचलो. काकांनी दारात सवयीने चपला काढल्या, आत एक नजर टाकली, आणि चपला पुन्हा पायात घातल्या. त्यांनी वारा पाहिला, माती पाहिली, कबुतराने त्यांच्या खांद्यावर दिलेला पुरावाही पाहिला. चहा घेतला, त्याचे पैसेही मोजले. मग खूश होऊन त्यांनी बाकावर बसल्या बसल्या दाखला लिहून सही केली: 'सदरहू दिवाणखाना हा सर्व दृष्टींनी बाहेर असल्याचे प्रमाणित करण्यात येते.'

"आता प्राणी दाखवा," ते म्हणाले.

वहिनींनी स्वयंपाकघराचे दार उघडले. पाहुणा आला, चहावाल्याला ओलांडून, सायकलची रिकामी जागा हुंगून, सगळ्यांच्या देखत उघड्या दारातून जिन्यात उतरला आणि दिसेनासा झाला. महिन्याभरात त्याने केलेली ही पहिलीच हालचाल असावी.

वहिनींनी तोंडाला हात लावला. डॉक्टर म्हणाले, "आम्ही साक्षीदार आहोत." काकांनी खिशातून गोदामाची किल्ली काढली.

"थांब जरा," आजी म्हणाल्या. "हे कागदावर काय लिहिलंयस तू?"

काकांनी वाचून दाखवले.

"म्हणजे आपण आत्ता बसलोय ते बाहेर?"

"प्रमाणित."

"आणि बोका इथून, त्या दारातून पलीकडे गेला?"

"गेला ना. सगळ्यांनी पाहिलं."

"मग बाहेरून दारापलीकडे जो जातो, तो कुठे जातो रे?"

काकांनी दाखला पाहिला. सही पाहिली. सही त्यांचीच होती. मग दार पाहिले आणि म्हणाले, "आत."

"मग झालं तर. आत राहायला सांगितलंत, आतच गेलाय बिचारा. गोदाम कशाला?"

ठराव तर्कशुद्ध असल्यामुळे त्याची अंमलबजावणी तशीच करावी लागली. जिना, रस्ता, बेकरी, गॅरेज आणि त्यापुढचे सर्व जग आता आत मोडते, आणि पाहुणा दिवसभर आतच असतो. असा आज्ञाधारक प्राणी दुसऱ्या इमारतीत नाही. त्या दिवशी तो दिवे लागायला परत आला तेव्हा आजींनी त्याला अक्षरशः ओढून घेतले, त्याच्या मानेत तोंड लपवले, आणि बराच वेळ बातमी सांगितलीच नाही. वहिनी म्हणाल्या, "आई, रडताय का?" आजी म्हणाल्या, "छे गं. रंग ओला आहे अजून. डोळ्यांत जातोय." काकांनी जगाला ग्रिल बसवण्याचे अंदाजपत्रक सादर केले आहे, ते विचाराधीन आहे. दराऱ्याचा प्रश्न मात्र बिकट झाला. टेबलफॅनचा वारा येत असल्यामुळे डॉक्टरांचे घर कपाटाखालच्या जागेसकट आता बाहेर धरले जात असल्याने त्याला नियमाप्रमाणे आत, म्हणजे रस्त्यावर, न्यावे लागते. चार माणसे लागतात.

अहवाल लिहिताना मला एक त्रुटी जाणवली. मांजराला दोन तास बाहेरपणा आवश्यक, तर माणसाला किती? म्हणून मी घरोघर विचारले. दारापासून गाडीपर्यंत, गाडीपासून कामाच्या जागेपर्यंत आणि तसेच परत, अशी बेरीज करून आमच्या इमारतीतल्या माणसाला रोज सरासरी नऊ मिनिटे बाहेरपणा मिळतो. (त्यातली सहा तो मोबाइलमध्ये पाहत असतो.) माणसांनाही ठरावात घ्यावे, असे मी सुचवले.

सूचना फेटाळली गेली. काकांनी कारण दिले ते बिनतोड होते. ज्याला बाहेर जायचे असते तो दार ओरबाडतो. कोणाच्याही दाराच्या आतल्या बाजूला माणसाच्या नखांचे ओरखडे आढळलेले नाहीत, सबब माणसांची तक्रार नाही असे समजण्यात येते.

आपणही उठून आपले दार तपासावे. ओरखडा नसेल, तर आपणही अगदी सुखात आहात असे समिती धरून चालते.