एक फळी खाली

गिऱ्हाइकाने तोंड उघडण्याआधी ते काय मागणार हे सांगणारा वाइन शॉपवाला मी अख्ख्या पनवेलमध्ये एकच पाहिला. आमचे शेजारी काशीशेठ. स्वतः आयुष्यात थेंब घेतलेला नाही. साधा सोडा प्यायले तरी ठसका लागतो.

"दर वाढला म्हनून मानूस दारू सोडत नाय, सर. एक फली खाली उतरतो," हा त्यांचा सिद्धांत. मी कॉलेजात बत्तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, पण इतकं सोपं करून सांगणं मला कधी जमलं नाही.

दारूवरचा कर वाढला त्या दिवशी मी ऐटीत दुकानात गेलो, माझ्या नेहमीच्या व्हिस्कीची नवी किंमत वाचली आणि घसा खाकरून म्हणालो, "उकडतंय फार. आज बिअरच द्या." बिअर आधीच काउंटरवर काढलेली!

"सकालपासून समद्या पगारवाल्यांना उकडतंय," शेठ म्हणाले.

न्हावा शेव्याचे ट्रेलरवाले लगेच ब्रँड बदलतात. बंगलेवाले मात्र हलत नाहीत, उलट महागलेली बाटली पाहुण्यांना दिसेल अशी ठेवतात. शेठ हे सगळं नुसत्या चेहऱ्यावरून ओळखतात आणि कधी चुकत नाहीत.

पण सगळ्यात स्वस्त क्वार्टर नेणारा नेरे गावचा धर्मा गवंडी चार दिवस फिरकला नाही, तसे शेठ कासावीस झाले.

"सोडली असेल," मी म्हटलं.

"त्याच्याखाली फलीच नाय, सर. त्याच्याखाली हातभट्टी."

भर दुपारी त्यांनी शटर ओढलं आणि मला स्कूटरवर मागे बसवलं. नेऱ्यापर्यंत त्यांनी एकाही खड्ड्याला ब्रेक लावला नाही.

धर्मा अंगणात वाल सोलत बसला होता. शेठनी सरळ जाऊन त्याचं तोंडच हुंगलं. दारातली त्याची बायको खो-खो हसायला लागली.

"परवडंना शेठ, म्हनून सोडली," धर्मा ओशाळून म्हणाला, जणू शेठचं काही चोरलं होतं.

शेठ तिथंच मातीत बसले. "मी चुकलो, सर! चुकलो!" इतक्या आनंदाने हरलेला माणूस मी पाहिला नव्हता. मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली.

मग खाली बघत ते वाल सोलायला लागले.

"माजा धाकला भाऊ हातभट्टीनंच मेला. तवाबी दर वाढला व्हता. त्यो तिकडं जानार, ह्ये मी वलखलं व्हतं, सर. पन दुकान बंद करून गेलो नाय."